माझा गंधार मला विचारल्याशिवाय सरकवू नका

प्रति,
शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रणे प्रकाशित करणाऱ्या कंपन्यांचे व्यवस्थापक, निर्माते व ध्वनिमुद्रक,
तसेच गायनस्पर्धा प्रसारित करणाऱ्या वाहिन्यांचे प्रमुख

विषय : गायकाच्या संमतीशिवाय होणारी स्वरदुरुस्ती

सप्रेम नमस्कार.

चाळीस वर्षे मी ख्याल गाते आहे आणि त्यांतली पंचवीस शिकवतेही आहे. ध्वनिमुद्रणाशी माझा संबंध बेताचाच आला. आजवर चार-पाच ध्वनिमुद्रणे झाली, आणि प्रत्येक वेळी काचेपलीकडे बसलेल्या माणसाने माझ्याइतकेच कष्ट घेतले हे मी पाहिले आहे. त्यामुळे हे पत्र लिहिताना मन थोडे कचरते. परंतु गेल्या वर्षी गायलेला माझा भूप राग अलीकडेच प्रकाशित झाला, तो मी हेडफोन लावून ऐकायला बसले, आणि आलापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच मला तो थांबवावा लागला. त्यातला गंधार, सा-रे-ग मधला ‘ग’, माझा नव्हता.

आवाज माझा होता, बंदिशीचे शब्द मी उच्चारलेले होते, ओळ संपताना श्वास जरा घाईने घेण्याची माझी जुनी खोडही जशीच्या तशी होती. पण गंधारावर ठहराव आला, म्हणजे मी त्या स्वरावर थांबले, की गळा आणि तंबोरा यांच्यामध्ये एक बारीक थरथर ऐकू येई. दोघे एकमेकांत मिसळण्याऐवजी शेजारी शेजारी उभे असल्यासारखे वाटे. तंबोराच उतरला असेल, असे आधी वाटले. म्हणून घरचा तंबोरा काढला, त्याच पट्टीत लावला आणि ध्वनिमुद्रणातल्या तंबोऱ्याशी ताडून पाहिला. तंबोरा जागेवर होता. गळा वर सरकवलेला होता. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की माझ्या मागे बसलेल्या तंबोऱ्याचा थोडा आवाज माझ्या माइकमध्येही शिरतो. गळ्याबरोबर तोही सरकल्यामुळे लांब ठहरावाच्या सुरुवातीला तंबोरा क्षणभर डचमळल्यासारखा ऐकू येतो. ज्याने आयुष्यात एकदाही तंबोऱ्यासमोर डोळे मिटून बसून पाहिले असेल, त्याच्या कानाला हे सहन होणार नाही.

कंपनीला विचारले तेव्हा उत्तर आले, की सर्वच गायनावर आता प्रमाणित स्वरदुरुस्ती केली जाते, म्हणजे सॉफ्टवेअरने स्वर ठरावीक जागी सरकवले जातात, यापुढे हेच धोरण राहील, आणि करारातल्या ‘आवश्यक ते संपादन’ या शब्दांत ते बसते. मी त्या कंपनीचे नाव येथे घेत नाही, कारण माझ्या परिचयाच्या आणखी तिघा गायकांनी वेगवेगळ्या ठिकाणचा हाच अनुभव सांगितला आणि एकट्या-दुकट्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणारा नाही. मात्र ‘प्रमाणित’ हा शब्द मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे मी आकड्यांत सांगणार आहे. नाहीतर जुन्या लोकांना नवे तंत्र रुचत नाही, एवढे म्हणून हे पत्र बाजूला ठेवले जाईल.

माझी पट्टी, म्हणजे माझ्या षड्जाची (‘सा’ची) जागा, पेटीवरची पांढरी सहा. त्या दिवशी तंबोऱ्याचा जोड, म्हणजे षड्जाच्या मधल्या दोन तारा, बरोबर २२० हर्ट्झवर (सेकंदाला २२० कंपनांवर) होता आणि खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची तार, ११० वर. जवारी, म्हणजे घोडीचा तार टेकते तो भाग, नीट उघडलेली असली आणि घोडीवरचा जीव, म्हणजे तारेखालचा दोरा, जागेवर बसलेला असला, की खर्जाच्या तारेतून एक गंधार आपोआप ऐकू येऊ लागतो. तो कोणी छेडलेला नसतो, त्यासाठी वेगळी तारही नसते. तो त्या तारेचाच पाचवा सहायक नाद असतो, म्हणजे ११० ची पाचपट, ५५०. आमच्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. भूपात गंधार वादी, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा स्वर. गायक मध्य सप्तकात गंधार लावतो तेव्हा तो या ५५० च्या निम्म्यावर, २७५ वर जाऊन बसतो. आणि तो तिथे बसला हे गायकाला कोणी सांगावे लागत नाही, कारण गळा तंबोऱ्यात विरघळतो आणि क्षणभर आपण गातो आहोत की नुसते ऐकतो आहोत हेच कळेनासे होते. शिष्याला हा अनुभव यावा म्हणून मी कित्येकदा वर्ष-वर्ष वाट पाहिली आहे.

आपल्या सॉफ्टवेअरमधला गंधार २७७.१८ हर्ट्झवर असतो. फरक दोनच कंपनांचा. पण त्या गंधाराचा दुसरा सहायक नाद ५५४ च्या किंचित वर जातो आणि तंबोऱ्याच्या ५५० शी भिडून सेकंदाला चारपेक्षा जास्त वेळा लाट उठवतो. मला ऐकू आलेली थरथर ती हीच. आपल्या तंत्रज्ञांना परिचित असलेल्या मापात सांगायचे, तर सप्तकाचे १२०० भाग करणारे ‘सेंट’ हे माप अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ मध्ये मांडले. त्या मापाने तंबोऱ्यातून येणारा गंधार ३८६ सेंटवर पडतो, टेम्पर्ड, म्हणजे बारा सारख्या भागांत वाटलेल्या, सप्तकाचा ४०० वर, आणि षड्ज-पंचम भावाने पंचमामागून पंचम घेत गेल्यास मिळणारा ४०८ वर. तयार कानाला पाच-सहा सेंटांचा फरक जाणवतो. येथे चौदा सेंटांचा आहे. म्हणजे माझा गंधार आपल्या यंत्राला चौदा सेंटांनी कणसूर, म्हणजे किंचित बेसूर, वाटला, आणि त्याने तो ‘सुधारून’ खरोखरच कणसूर करून ठेवला. कणसूर हा शब्द आमच्याकडे कोणाविषयी सहसा उच्चारत नाहीत, तो माझ्याच नावावर छापला गेला आहे.

टेम्पर्ड सप्तकाविरुद्ध माझी तक्रार नाही. बारा पंचम एकावर एक रचले, तर ते सात सप्तकांच्या साडेतेवीस सेंट पुढे जातात. ही निसर्गाची मेख आहे आणि तिच्यावर कोणाला ना कोणाला तोडगा काढावाच लागणार होता. सप्तकाचे बारा सारखे भाग करण्याचे गणित चीनमध्ये झू झाइयू यांनी १५८४ मध्येच मांडले होते. ज्या वाद्यावर एकाच कार्यक्रमात कुठल्याही पट्टीतून कुठल्याही पट्टीत जायचे असते, त्या वाद्यासाठी प्रत्येक स्वराने थोडे-थोडे नुकसान वाटून घेणे हा शहाणपणाचाच सौदा आहे. पियानो, गिटार आणि कीबोर्ड यांच्या मेळ्यात गाणाऱ्याचा गंधार ४०० वर नेला, तर तो आपल्या सोबत्यांजवळच जातो. आमच्या मैफलीत मात्र पट्टी बदलतच नाही. षड्ज एकदा लागला की दीड तास हलत नाही आणि प्रत्येक स्वर त्या एका षड्जाशी आपला हिशेब ठेवतो. जो सौदा आम्हाला करावाच लागत नाही, त्यातले नुकसान आम्ही का सोसावे?

येथे कोणी पेटीचा (हार्मोनियमचा) मुद्दा काढील, आणि तो काढावाच. पेटी टेम्पर्ड असते, तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही, आणि अशा आक्षेपांवरून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दूर ठेवले होते. ती बंदी मला कधीच पटली नाही. जाणता पेटीवाला गायकाचा ठहराव चालू असताना गंधारावरून बोट उचलतो, षड्ज-पंचम धरून ठेवतो किंवा गायकाच्या मागून इतक्या हलक्या हाताने येतो, की त्याचा स्वर सावलीसारखा पडतो. पेटी माझ्या शेजारी बसते. ती माझ्या गळ्यात शिरत नाही. आपले सॉफ्टवेअर शिरते, आणि तेही मी घरी गेल्यानंतर.

दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. स्वर म्हणजे एक ठरावीक जागा, असे गृहीत धरूनच ही यंत्रणा बनलेली आहे. ऑटोट्यून १९९७ मध्ये बाजारात आले; ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी भूगर्भातल्या तेलाच्या शोधासाठी ध्वनिलहरींचे पृथक्करण करण्याच्या कामात होते. गणित अप्रतिम आहे यात शंका नाही. आलेल्या आवाजाची उंची ओळखायची, तिला जवळची जागा शोधायची आणि ठरवलेल्या वेगाने तिकडे ओढायचे, हे काम ते चोख करते. पण दरबारीचा गंधार घ्या. तो अतिकोमल, म्हणजे कोमल गंधाराहूनही खालचा, असतो, ऋषभाच्या अंगाने संथ झुलत राहतो आणि कुठेही पक्का टेकत नाही. त्या झुलण्यालाच आम्ही दरबारीचा गंधार म्हणतो. यंत्राच्या पडद्यावर हे आंदोलन एका डळमळीत रेषेसारखे दिसते, आणि डळमळणारी रेष सरळ करणे हेच तर त्याचे काम. त्याच ध्वनिमुद्रणात भूपानंतर मी दरबारी गायले आहे. त्यातला गंधार आता ३०० सेंटांवर खिळा ठोकल्यासारखा उभा आहे, आणि निषादावरून पंचमावर येणारी मींड जिन्याच्या पायऱ्या उतरावी तशी उतरते. भैरवाच्या आंदोलित ऋषभ-धैवताचे आणि तोडीच्या गंधाराचे या यंत्रातून काय होत असेल, ते मला ऐकायचे नाही.

एक बारीक गोष्ट तंत्रज्ञांसाठी. आमचा षड्ज ४४० च्या मापावर बसलेला असेलच असे नाही. ४४० हा आकडा १९३९ च्या लंडनच्या परिषदेत ठरला. त्याआधी १८५९ मध्ये फ्रान्सने कायद्याने ४३५ ठरवला होता. म्हणजे पाश्चात्त्य संगीतातही तो संकेतच आहे. आमच्याकडे त्या दिवशी गळा जिथे बसतो आणि तंबोरा जिथे गोड बोलतो तिथे षड्ज लागतो. काळी पाचपेक्षा किंचित उतरलेला, पांढरी चारपेक्षा थोडा चढा. यंत्राचे माप त्या षड्जाशी न जुळवता स्वरदुरुस्ती चालवली, तर गंधार-धैवतच काय, षड्ज-पंचमही तंबोऱ्यापासून तुटतात. निदान एवढे तपासणे तरी कोणाच्याही हातचे आहे.

या सगळ्याला मिळणारे उत्तर मला आधीच ऐकू येते आहे : ‘स्वरांच्या जागा सेंटांत बदलता येतात, बावीस श्रुतींचा प्रीसेट करून देतो.’ कृपया करू नका. बावीस श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांच्या, नेमक्या जागा ठरवण्याचा ध्यास आपल्याकडे जुना आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, पुढे क्लेमेंट्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने श्रुतींची पेटीच तयार करवून घेतली. तळमळ खरी होती, पण ती पेटी मैफलीत रुळली नाही. नझीर जैराझभॉय आणि स्टोन या संशोधकांनी १९६३ मध्ये प्रत्यक्ष सादरीकरणांतले स्वर मोजून दाखवले, की स्वरांच्या जागा कलाकारागणिक बदलतात, आणि एकाच कलाकाराच्या एकाच सादरीकरणातही त्या सारख्या राहत नाहीत. मी स्वतः विलंबितातल्या ठहरावाला लावते तो गंधार आणि द्रुत तानेत धावता धावता शिवते तो गंधार एक नसतो, असायलाही नको. त्यामुळे बाराऐवजी बावीस खिळे ठोकल्याने हा प्रश्न मिटत नाही. कुठला स्वर कुठे लागायला हवा होता, हे सांगू शकणारी एकच व्यक्ती त्या खोलीत असते, आणि तिला आपण विचारत नाही. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे.

विचारले असते तर मी काय सांगितले असते? याच भूपात अंतऱ्याच्या एका जागी तार षड्जाला जाताना माझा आवाज खरोखरच खाली राहिला आहे. मला तो त्याच दिवशी कळला होता, आणि तेवढी जागा सावरून घ्या अशी विनंती मी आनंदाने केली असती. गंमत म्हणजे ती चूक ज्या तऱ्हेने सुधारली आहे, ती उत्तम आहे. कुठे जोड लागला हे मलाही ओळखता येत नाही. हाच हात गंधारावर फिरला तेव्हा त्याला थांबवणारे कोणी नव्हते, इतकेच.

वाहिन्यांच्या बाबतीत माझे म्हणणे मुलांपुरते आहे. माझ्याकडे शिकणारी अकरा वर्षांची एक मुलगी एका स्पर्धेत गाऊन आली. प्रसारण झाल्यानंतरच्या शिकवणीला तिने तंबोऱ्यापुढे तीच बंदिश तीन वेळा सुरू केली आणि तिन्ही वेळा मध्येच सोडली. मग म्हणाली, ‘ताई, टीव्हीवर लागत होता, इथे का लागत नाही?’ तिचा सूर इथे चांगला लागत होता. तिला कानात बसलेल्या त्या दुसऱ्या, इस्त्री केलेल्या आवाजासारखा तो ऐकू येत नव्हता. तिचा स्वतःच्या कानावरचा विश्वास परत यायला दोन महिने लागले. स्पर्धेत परीक्षक जे ऐकतात आणि घरी श्रोते जे ऐकतात, त्यांत असा फरक पाडून त्यावर मते मागवणे हे इतर स्पर्धकांवरही अन्यायाचे आहे. याविषयी अधिक लिहीत नाही, कारण यात वादाला जागा आहे असे मला वाटत नाही.

जुन्या ध्वनिमुद्रणांबद्दल मात्र लिहायला हवे, कारण तिथे तक्रार करायला गायक उरलेला नाही. गायिका गोहरजान यांनी १९०२ मध्ये कलकत्त्यात गायले तेव्हा कर्ण्यापुढे तोंड करून तीनेक मिनिटांत राग उभा करायचा होता आणि झालेली चूक पुसायची सोय नव्हती. त्या काळच्या तबकड्यांचा फिरण्याचा वेग सगळीकडे सारखा नसे. त्यामुळे आज त्या वाजवताना मूळ पट्टी शोधून वेग जुळवावा लागतो. ही दुरुस्ती योग्यच आहे, कारण तिच्यात सगळे स्वर एकत्र सरकतात आणि त्यांची आपापसांतली नाती शाबूत राहतात. खरखर कमी करण्यालाही कोणी हरकत घेणार नाही. पण ‘नव्या श्रोत्यांसाठी’ म्हणून एकेक स्वर उचलून बाराच्या चौकटीत बसवणे, म्हणजे त्या गायकांचे कान पुसून टाकणे. गेल्या शतकातले गायक गंधार कुठे लावत होते, याचा दुसरा कुठलाही पुरावा आपल्यापाशी नाही.

यावरून माझ्या मागण्या अशा आहेत.

करारात स्वरदुरुस्तीचे कलम वेगळे असावे आणि ‘संपादन’ या मोघम शब्दात ते लपवू नये. गायकाने लेखी होकार दिल्याशिवाय, आणि कोणत्या जागी हे त्याने दाखवल्याशिवाय, कोणताही स्वर हलवू नये. होकार न देणाऱ्याचे ध्वनिमुद्रण त्या कारणाने नाकारू नये.

तंबोऱ्याच्या साथीने गायलेल्या संगीतावर ही यंत्रणा सरसकट चालवणे बंद करावे. गायकाच्या सांगण्यावरून एखादी जागा सावरायची असेल, तर ती त्या ध्वनिमुद्रणातल्या तंबोऱ्याला प्रमाण मानून आणि कानाने ऐकून सावरावी. पडद्यावरच्या रेघा पाहून नव्हे. अंतिम प्रत प्रकाशनापूर्वी गायकाला ऐकवावी आणि त्यासाठी किमान आठ दिवस द्यावेत.

न हलवलेली मूळ प्रत कंपनीने जपून ठेवावी व तिची एक नक्कल गायकाला द्यावी. ज्या ध्वनिमुद्रणात स्वरदुरुस्ती झाली आहे, त्याच्या माहितीत तसे एका ओळीत नमूद करावे. दिवंगत कलाकारांच्या ध्वनिमुद्रणांत वेग आणि खरखर यांपलीकडे कशालाही हात लावू नये.

वाहिन्यांनी मुलांच्या स्पर्धांत स्वरदुरुस्ती वापरू नये. मोठ्यांच्या स्पर्धांत वापरायची असेल, तर प्रेक्षकांना पडद्यावर तसे सांगावे.

शेवटची मागणी माझी स्वतःची आहे. भूप आणि दरबारी यांच्या मूळ प्रती सध्याच्या प्रतींच्या जागी ठेवाव्यात, अंतऱ्यातल्या त्या उतरलेल्या तार षड्जासकट. ती सावरलेली जागा ठेवायची असेल, तर तिला माझी संमती आहे. ती या पत्राद्वारे लेखी देते आहे. बाकी काहीही सरकवण्यास संमती नाही. संबंधित कंपनीला मी हेच वेगळ्या पत्राने कळवले असून उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत मागितली आहे. मूळ प्रत ऐकून निर्णय घ्यावा असे त्यांच्या ध्वनिमुद्रकाला वाटत असेल, तर माझा तंबोरा घेऊन मी त्यांच्या सोयीच्या दिवशी यायला तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक ख्याल गायिका